बोटावरचा गूळ आणि साखरेची पट्टी

दुपारची कामं आटोपली असतील तर निवांत बसा. आटोपली नसतील तर हात चालू ठेवा, पण कान जरा इकडे असू द्या.

मी तालुक्याच्या गावी रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. मागच्या संक्रांतीची गोष्ट सांगते. शेजारच्या गावातल्या बचत गटानं ठरवलं, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या-चमचे लुटायचे नाहीत. गटाच्या पैशातून साखर तपासायचं मशीन आणायचं आणि आलेल्या प्रत्येकीची साखर तपासायची. विचार फार चांगला होता. पन्नाशीच्या एक मावशी तिळगूळ वळता वळता उठून आल्या. हात पदराला पुसला, बोट पुढं केलं. मशीनवर आकडा आला ३१२.

मावशींना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी चहा बंद, भात बंद, कारल्याचा रस सुरू. शेजारणीनं तर आपल्या नवऱ्याच्या साखरेच्या गोळ्यांतली अर्धी गोळी देऊ केली. नशीब, मावशींनी ती घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्या आमच्या लॅबमध्ये आल्या. शिरेतून रक्त घेतलं, तपासलं. साखर निघाली ९६. अगदी चांगली.

मावशी मला म्हणाल्या, “बाई, मग ते मशीन खोटं बोललं का?”

मी म्हटलं, “नाही मावशी. मशीन खरंच बोललं. फक्त ते तुमच्या रक्ताबद्दल बोलत नव्हतं, बोटावरच्या गुळाबद्दल बोलत होतं.”

असं का झालं, हे समजायचं तर ती पट्टी कशी बनते ते समजून घ्यायला हवं. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

मशीन नाही, पट्टी हुशार

साखर तपासताना आपलं लक्ष मशीनच्या आकड्याकडे असतं. पण खरं काम करते ती पट्टी. मशीन फक्त वीज मोजतं. रक्तातल्या साखरेचं विजेत रूपांतर करायचं काम पट्टीचं. अशा वस्तूला बायोसेन्सर म्हणतात, म्हणजे सजीवांकडून घेतलेला एखादा पदार्थ वापरून मोजमाप करणारी वस्तू.

ही कल्पना आहे अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाची. १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं विजेच्या तारेच्या टोकाशी एन्झाइम बसवून साखर मोजायची युक्ती मांडली. तेव्हा ती प्रयोगशाळेपुरती होती. पुढं १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड इथल्या संशोधकांनी ती सुधारली आणि १९८७ मध्ये पेनाएवढं मशीन आणि छापलेली पट्टी बाजारात आली. हो, छापलेली. लग्नपत्रिका छापतात तशी. त्यामुळंच ही तपासणी दवाखान्यातून आपल्या ओसरीवर येऊ शकली.

या पट्टीत तीन गोष्टी लागतात. साखर ओळखणारा, निरोप पोचवणारा आणि वीज वाहून नेणारी वाट.

साखर ओळखणारा

भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. लाळेतलं एन्झाइम भाकरीतल्या पिठाची साखर करतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. एन्झाइम म्हणजे एकच काम जाणणारा कारागीर. सुताराला कुंभाराचं काम सांगून चालत नाही, तसंच याचं.

पट्टीत जे एन्झाइम असतं त्याचं नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. काही कंपन्या याच्यासारखंच दुसरं एन्झाइमही वापरतात. ग्लुकोज ऑक्सिडेज कशापासून मिळतं माहीत आहे? चाळीतल्या कांद्यावर काळी भुकटी दिसते ना, त्या जातीच्या काळ्या बुरशीपासून. कारखान्यात ही बुरशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात, तिच्यातून एन्झाइम वेगळं काढतात आणि शुद्ध करतात.

हे एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं. आपली डब्यातली दाणेदार साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते. ती जोडी बांधलेली असेपर्यंत हे एन्झाइम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. गुळात मात्र थोडं सुटं ग्लुकोज असतं. केळ्यात, द्राक्षात, मधातही असतं. आता हिशेब बघा. पट्टी साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढते, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान थेंब. साखर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्याही निम्मं. अशा वेळी बोटावर गुळाचा न दिसणारा थर असला, तरी तो रक्तातल्या साखरेपेक्षा जास्त भरतो. मावशींच्या ३१२ आकड्याचं मूळ ते होतं.

निरोप पोचवणारा

एन्झाइम ग्लुकोजला पकडतं तेव्हा त्याच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतं. इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे अगदी सूक्ष्म कण. तारेतून वीज वाहते म्हणजे हेच कण पुढं सरकत असतात. पण एक अडचण आहे. एन्झाइममध्ये हे कण खोल आत असतात, नारळातल्या खोबऱ्यासारखे. बाहेरची तार तिथवर पोचत नाही.

म्हणून पट्टीत एक निरोप्या ठेवतात. तो एन्झाइमच्या आत शिरतो, कण घेतो, बाहेर येतो आणि तारेच्या हवाली करतो. १९८४ च्या त्या संशोधनात लोखंड असलेलं फेरोसिन नावाचं रसायन निरोप्या होतं. आज पुष्कळ पट्ट्यांत फेरिसायनाइड वापरतात. ग्लुकोज जितकं जास्त, तितके कण जास्त, तितकी वीज जास्त. ही वीज अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. मशीन ती मोजतं आणि काही सेकंदांत आकडा दाखवतं.

वीज वाहून नेणारं प्लास्टिक

आता तिसरी गोष्ट, विजेची वाट. बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांत ती कार्बनच्या शाईनं छापलेली असते. पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट त्यात असतं. काहींत सोन्यासारख्या धातूचा पातळ थर असतो. पण ही वाट आणखी स्वस्त आणि आणखी कामाची व्हावी म्हणून शास्त्रज्ञ एका नव्या पदार्थाकडे वळले आहेत. तो म्हणजे वीजवाहक प्लास्टिक.

तुम्ही म्हणाल, प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर तारेवर प्लास्टिक असतं. बरोबर. सगळेच तसं समजत होते. १९६७ साली जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून चूक झाली. एक रसायन जेवढं घालायचं त्याच्या हजारपट पडलं. भांड्यात काळी पूड व्हायच्या ऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला. शिराकावांनी ती चूक फेकून दिली नाही, तिचा अभ्यास केला. पुढं अमेरिकेत ॲलन मॅकडिअर्मिड आणि ॲलन हीगर यांच्याबरोबर त्यांनी अशा पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली. त्याची वीज वाहून नेण्याची ताकद कोटीपटीनं वाढली. १९७७ साली त्यांनी हे जगापुढं मांडलं. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आयोडिननं असं काय केलं? आठवडी बाजाराच्या दिवशीची एसटी डोळ्यांपुढं आणा. इतकी खच्चून भरलेली, की कुणालाच हलता येत नाही. दोन-चार जण उतरले की जागा होते, मग एक सरकतो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि सगळी गाडी हलती होते. या प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रॉन असेच दाटीनं बसलेले असतात. आयोडिन त्यांतले थोडे काढून घेतं. रिकाम्या जागा झाल्या की वीज वाहायला लागते.

अशी प्लास्टिकं आज अनेक आहेत. पॉलिअॅनिलिन हिरवं असतं. पॉलिपायरोल काळं असतं. पेडॉट नावाचं एक निळसर असतं आणि पाण्यात मिसळून शाईसारखं मिळतं. बायोसेन्सरसाठी यांचे तीन फायदे. एक, शाई असल्यामुळं ती छापता येते. दोन, प्लास्टिकचा थर तयार होत असतानाच एन्झाइम त्यात अडकवून ठेवता येतं, चिक्कीच्या पाकात शेंगदाणे बसतात तसं. तीन, हा थर धातूसारखा कडक नसतो. तो एन्झाइमला बिलगून बसतो, त्यामुळं कणांची ने-आण सोपी होते. आपल्या देशातही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत यावर बरीच वर्षं काम झालेलं आहे.

पट्टी छापतात कशी

कापडी पिशवीवर नाव छापताना तुम्ही पाहिलं असेल. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. जिथं छापायचं नाही तिथली भोकं बुजवलेली असतात. वरून शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ओढायची. याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. साखरेची पट्टीही अशीच छापतात.

आधी पॉलिस्टरचा जाड तक्ता घेतात, प्लास्टिकच्या फाइलीसारखा. त्यावर कार्बनच्या किंवा वीजवाहक प्लास्टिकच्या शाईनं रेघा छापतात आणि भट्टीत वाळवतात. एका रेघेच्या टोकाला चांदी आणि चांदीचा क्षार असलेली शाई लावतात. मापाचा काटा स्थिर राहावा म्हणून ती लागते. मग मधला भाग वीज न वाहणाऱ्या थरानं झाकतात, फक्त दोन टोकं उघडी ठेवतात. एका टोकावर एन्झाइम आणि निरोप्या यांच्या मिश्रणाचा थेंब टाकतात. हा थेंब मंद उष्णतेवरच वाळवावा लागतो. कारण एन्झाइम म्हणजे प्रथिन. अंडं एकदा उकडलं की परत पातळ होत नाही, तसं तापलेलं एन्झाइम परत कामाचं राहत नाही. शेवटी वर बारीक फट ठेवून झाकण चिकटवतात. दिव्याची वात तेल ओढते तशी ती फट रक्त ओढून घेते. मग तक्ता कापायचा. एका साध्या मोठ्या कागदाएवढ्या तक्त्यातून दोन-अडीचशे पट्ट्या सहज निघतात.

मग आपला गट पट्ट्या बनवेल का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. छापणं आपल्याला जमेल, त्यात शंका नाही. पण अवघड काम छपाईनंतर सुरू होतं. हजारावी पट्टी पहिल्या पट्टीसारखाच आकडा दाखवते का, हे तपासणं हे ते काम. कारखान्यात प्रत्येक घाण्यातल्या पट्ट्या काढून, माहीत असलेल्या साखरेवर तपासतात. त्यासाठी आयएसओ १५१९७ नावाचं जागतिक मानक आहे. लॅबमध्ये साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनचा आकडा १५ टक्क्यांच्या आत असायला हवा, १०० च्या खाली असेल तर १५ आकड्यांच्या आत. आणि हे १०० पैकी किमान ९५ वेळा. म्हणजे लॅबमध्ये २०० आली तर मशीनवर १७० ते २३० यांतला कुठलाही आकडा चालतो.

हे नीट लक्षात ठेवा. काल १८० आणि आज १९५ आली म्हणून घाबरायचं नाही, आणि १६५ आली म्हणून गोळी सोडायची नाही. चुकीची पापडाची लाटी वाया जाते, तेवढंच नुकसान. चुकीच्या पट्टीनं मात्र माणूस नको ती गोळी घेतो, किंवा हवी ती सोडतो. शिवाय यातली काही रसायनं विषारी असतात, ती घरच्या ओसरीवर हाताळायची नसतात. म्हणून पट्टी बनवायला नाही, पण पट्टी जाणून घेऊन ती नीट वापरायला आपण आजपासून शिकू शकतो.

साखरेपलीकडे

एन्झाइम बदललं की पट्टीचं काम बदलतं. दुधाचं उदाहरण घ्या. दुधात युरिया मुळातच थोडा असतो, पण भेसळीचाही घालतात. आपल्या देशात दुधातल्या युरियाची मर्यादा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम आहे. युरिएज नावाचं एन्झाइम युरिया फोडून अमोनिया तयार करतं. अमोनिया लागला की हिरवं पॉलिअॅनिलिन निळं पडायला लागतं आणि त्याची वीज वाहायची ताकदही कमी होते. हे मोजलं की युरिया कळतो.

फवारणीच्या औषधांचंही तसंच. काही कीटकनाशकं नसांमधल्या एका एन्झाइमचं काम बंद पाडतात. किडीच्याही आणि माणसाच्याही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ते एन्झाइम पट्टीवर ठेवायचं आणि भाजी धुतलेल्या पाण्यात पट्टी बुडवायची. एन्झाइमचं काम मंदावलं तर समजायचं, औषध आहे. अशा पट्ट्या प्रयोगशाळांमध्ये बनवून पाहिल्या गेल्या आहेत. दूध घालणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांच्या हातात त्या स्वस्तात याव्यात, अशी मागणी आपण करायला हवी.

पट्टी वापरताना

आता कामाच्या गोष्टी. वहीत लिहून ठेवा.

पहिली, हात साबण-पाण्यानं धुवा आणि कोरडे करा. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून गुळाचा किंवा फळाचा थर पूर्ण जात नाही. ओल्या बोटानं रक्त पातळ होतं आणि आकडा कमी येतो.

दुसरी, पट्ट्यांचा डबा लगेच घट्ट बंद करा. दमट हवा एन्झाइमची आणि निरोप्याची वैरी आहे. डब्याच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते ती त्यासाठीच. पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका.

तिसरी, डबा थंड, कोरड्या जागी ठेवा. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरात किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. चुलीजवळ, खिडकीत, गाडीच्या डिकीत डबा नको. माठाजवळची जागा गार असते, पण ओलसर असते, तीही नको.

चौथी, डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. छापील मुदतीबरोबर, उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा हेही डब्यावर असतं.

पाचवी, सुई दर वेळी नवी. एकीची सुई दुसरीला अजिबात नाही. हळदीकुंकवात घाई असते, तरीही नाही.

सहावी गोष्ट खास आपल्या बायकांची. रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन खूप उतरलेलं असेल, तर पट्टीवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की ग्लुकोज एन्झाइमपर्यंत लवकर पोचतं आणि वीज जास्त मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून साखर तपासाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पट्टीवरचा आकडा हा इशारा आहे, निदान नाही. उपाशीपोटी शिरेतलं रक्त लॅबमध्ये तपासून साखर १२६ किंवा जास्त आली आणि परत तपासूनही तशीच आली, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. तोवर शेजारणीची गोळी घ्यायची नाही. साखर एकदम उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवावर बेततं. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासतात, आपल्या आशाताईंना विचारा.

पण एखादा आकडा चुकला म्हणून तपासणं सोडू नका. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. अनेकांना तो असल्याचं माहीतही नसतं.

यंदाच्या संक्रांतीला तोच गट परत बसला होता. मशीनच्या टेबलाशेजारी बादली, साबण आणि स्वच्छ पंचा. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर तांब्यानं पाणी घालायला बसल्या होत्या त्याच मावशी. “आधी हात धू गं, मग बोट दे. तिळगूळ नंतर.”

बरंय मैत्रिणींनो, येते. नमस्कार.